दोरीच्या टोकाची फळी

मी होडी बांधणारा मेस्त. बापही होडी बांधणाराच. त्याने पोर्तुगीज अमदानीत होड्या बांधल्या, मी मुक्तीनंतर. राज्य बदलले तरी सांध्यातून पाणी यायचे ते येतच राहिले, त्यामुळे आमचा धंदाही चालत राहिला. होड्या नसतील तेव्हा दारे, जनेले म्हणजे खिडक्या, बांक, चतुर्थीला गणपतीवर फळे टांगायच्या माटोळीची चौकट, जे पडेल ते केले. हयातभर केलेल्या या कामाबद्दल दोन ओळी लिहा, असे मला कोणी कधी म्हटले नाही. आता दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला आहे, तो कशाबद्दल? तर 'त्या फळ्यांबद्दल लिहा.' म्हणजे ज्या कामाला मी आयुष्याची उमेद दिली ते राहिले बाजूला आणि उतारवयात गंमत म्हणून केलेल्या कामाने नाव काढले. असो. नाव कशाने निघते हे आपल्या हातात असते तर गावात सगळेच सरपंच झाले असते.

ज्यांना या फळ्या ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी आधी खेळ सांगतो. एक यंत्राची होडी घ्यायची. ती मासे पकडायला न्यायची नाही, माणसे पलीकडे उतरवायला न्यायची नाही, वाळूही काढायची नाही. नुसती पळवायची. तिच्या मागे लांब दोरी बांधायची, दोरीच्या टोकाला मूठ, आणि त्या मुठीला एका धडधाकट, हिंडत्याफिरत्या माणसाने लोंबकळायचे. त्याच्या पायांना फळी बांधलेली. होडीने त्याला फरफटत न्यायचे आणि त्याने फळीवर उभे राहून हसायचे. एवढाच खेळ. आमच्या बायकोने हा प्रकार मोरजीच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती पाहतच राहिली. मग हळूच म्हणाली, "कितां गुन्यांव केलो रे त्यान?"

मी या भानगडीत पडलो तो मेव्हण्यामुळे. गजा हा बायकोचा धाकटा भाऊ. डिचोलीकडच्या पाळी गावाच्या बाजूला खाणी जोरात होत्या तेव्हा तो बार्जवर खलाशी होता. खनिज भरायचे, नदीने मुरगावला न्यायचे, जहाजात ओतायचे, परत यायचे. पेडण्यातल्या आपल्या घरी तो चतुर्थीला यायचा आणि शिगम्याला यायचा. लग्न झाले, पण संसार बार्जच्या फेऱ्यांमधून उरलेल्या वेळात. त्याची बायको सुमती बोलायला तिखट. ती म्हणायची, "माजो घो म्हणजे पावणो. येता, जेवता, वता." मग खाणी बंद पडल्या, बार्जी नदीत एकाला एक लावून बांधल्या गेल्या आणि पाहुणा कायमचा घरी आला. सुमतीला आनंद झाला हे उघड बोलायची सोय नव्हती, कारण अख्खा डिचोली तालुका तेव्हा सुतकात होता. पण तिला आनंद झालाच होता. आता हा माणूस परत कुठे जाता कामा नये, एवढे एकच तिने मनात धरले होते.

गजाने एक जुनी फायबरची होडी आणि तिचे मागे लावायचे इंजिन घेतले. गावच्या जेटीवरून पर्यटकांना फिरवायचा बेत होता. गावाचे नाव मी सांगत नाही, कारण मला अजून तिथेच राहायचे आहे. नदीकाठचा पेडण्यातला एक गाव, एवढे पुरे. फायबरची होडी बघून माझ्या कपाळावर आठी पडली. याच फायबरने माझ्या पोटावर पाय दिला होता. आयनीच्या लाकडाची होडी वर्षावर्षाला तेल मागते, लाड मागते. फायबरची होडी काहीच मागत नाही. माणसांना काही न मागणारी वस्तू आवडते, त्याला मी काय करणार? पण गजा एक दिवस मोडकी फळी काखेत मारून आला. कोणा परदेशी गिऱ्हाइकाची होती. जाळी बांधायला नदीत पुरलेल्या खुंट्यावर आपटून दुभंगलेली. मी आत पाहिले तर स्पंज!

"भावोजी, अशी एक करून दियात," गजा म्हणाला. "लाकडाची."

"ह्यां तर मी डोळे मिटून करीन," मी म्हटले.

आणि खरोखरच डोळे मिटून केल्यासारखी केली. होडी बांधणाऱ्याच्या हाताला जी सवय तीच मी फळीला लावली. उत्तम आयनी, जाड, भरीव, सांधा इतका बेमालूम की मुंगीला शिरायला जागा नाही. गजाने ती पायाला बांधली, होडी निघाली, दोरी ताणली आणि गजा नदीच्या तळाचा चिखल घेऊन वर आला. थुंकून झाल्यावर म्हणाला, "भावोजी, ही फळी न्हय. हो नांगर."

त्यावेळी एक गोष्ट डोक्यात शिरली, ती इथे सांगतो, कारण सगळी कला तिच्यातच आहे. होडी थांबलेली असतानाही तरंगते. ही फळी पळत असतानाच तरंगते. थांबली की माणसासकट खाली. म्हणजे तिला लाकडाची ताकद हवी पण लाकडाचे वजन नको. मग मी मोठी झाडे सोडली आणि पाण्यात न फुगणाऱ्या पातळ प्लायकडे वळलो. आयुष्यभर प्लायला शिव्या दिल्या होत्या. त्या परत घेण्यात वेळ घालवला नाही. तीन-चार पातळ थर, मध्ये रेझिन, आणि हे सगळे ओले असतानाच वाकड्या साच्यावर दाबून बांधायचे. सुकले की तो बाक कायमचा. पुढचे आणि मागचे टोक वर उचललेले असते, त्याला मी 'उचल' म्हणतो. उचल कमी झाली तर टोक पाण्यात घुसते आणि माणूस फळी सोडून पुढे जातो, तोंडावर. जास्त झाली तर फळी पाणी ढकलत बसते, सरकारी गाडीसारखी, आवाज फार आणि पुढे जाणे कमी. खाली माशाच्या परासारखे छोटे पंख, म्हणजे ती आडवी घसरत नाही. आणि वर पायांचे पट्टे. हे पट्टे मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका चपला शिवणाऱ्याकडून करून घेई. तो दर खेपेला विचारायचा, "पायाचो जोड दुसरो खंय?" त्याला वाटायचे मी एकाच, फार मोठ्या पायाच्या माणसाच्या चपला शिवून घेतोय.

तर फळ्या जमल्या. गिऱ्हाइके आली, आणि गिऱ्हाइके आली की करमणूक आलीच.

एक योग शिकवणारा गोरा आला. पांढरे कपडे, गळ्यात माळ. म्हणाला, फळी हवी पण तोडलेल्या झाडाची नको, नैसर्गिक मरण आलेल्या झाडाची हवी. मी म्हटले, "आमच्या परसातला आंबा नुकताच गेला. दोन दिवस ताप होता, अंथरुणाला खिळला होता. शेवटी शुद्ध नव्हती." त्याने बरोबर आणलेल्या दुभाष्याने हे त्याला सांगितले की नाही देव जाणे, पण त्याने डोळे मिटून हात जोडले. त्याला मी त्याच आंब्याच्या लाकडाची पातळ पट्टी वरून लावून दिली. आंबा पावसात मोडून पडला होता, त्यामुळे त्याची काही फसवणूक झाली नाही. फळीवर तो कधी उभा राहिला का, ठाऊक नाही. ती डोक्याशी घेऊन झोपतो असे त्याच्या घरमालकिणीने सांगितले.

दुसरा डिचोलीचा एक ट्रकमालक. खाणी चालू असताना याच्या ट्रकांची धूळ आम्ही लांब पेडण्यात बसून खाल्ली असेल. त्याला फळीवर त्याचे नाव हवे, मुलीचे नाव हवे, लिंबू-मिरची हवी आणि कुलदेवतेचे चित्र हवे. मी म्हटले, "बाब, चित्रावर पाय पडतले न्हय?" तो गडबडला. विचार करून म्हणाला, "मगे सकयल काडा." खाली काढा! म्हणजे देवीने पाण्याकडे तोंड करून आपटत जायचे आणि हे वर उभे. मी चित्र काढले नाही. तो फळी घेऊन गेला आणि दुसऱ्याकडून काढून घेतले. पहिल्याच खेपेला रंग नदीत गेला. देवी शहाणी, वेळेवर उतरली.

पण खरी गोष्ट गजाची. बाकीचे सगळे हौसेचे लोक, त्यांची फळी मोडली तरी चूल पेटणार. गजाला मात्र या फळीवरच घरी राहायचे होते. मुरगावात गोदीच्या कामाला माणसे घेत होते, आणि त्याच्या जुन्या मुकादमाचे बोलावणे येऊन पडले होते. जेटीवर धंदा करायची परवानगी मिळाली नाही तर पिशवी भरून बस धरायची आणि पुन्हा चतुर्थीला उगवायचे. सुमती जेटीकडे बघायची तेव्हा तिच्या तोंडावर हे सगळे लिहिलेले असायचे.

जेटीवर दुसऱ्याचाही डोळा होता. बाहेरगावचा एक माणूस, उलटी टोपी घालणारा, म्हणून आम्ही त्याला टोपीवाला म्हणू. त्याच्याकडे परदेशी फळ्यांची अख्खी गाडी, रंगीत दोऱ्या, शिट्ट्या. पंचायतीने ठरवले की जेटी एकालाच द्यायची. गावकारांचे, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांचे, म्हणणे पडले की मुलगा गावचा आहे, त्याला एक संधी द्या. मग सरपंचांनी निवाडा केला. गजाने सगळ्या गावासमोर लाकडाच्या फळीवर उभे राहून दाखवावे. राहिला तर जेटी त्याची.

यात एकच अडचण होती. गजा आजवर एकदाही उभा राहिला नव्हता.

याचे कारण पोट. पाण्यात उताणे पडायचे, गुडघे छातीशी घ्यायचे, फळी समोर धरायची, दोरी ओढली की हळूच उठायचे, अशी ती रीत. गजाचे गुडघे छातीकडे निघायचे आणि वाटेत पोट लागायचे. दुसरे कारण पांडू. पांडू म्हणजे होडी चालवणारा, गजाचा बार्जवरचा जोडीदार, तिथे सुकाणू धरायचा. त्याने ती चिमुकली होडी बार्जसारखीच चालवली. निघण्यापूर्वी तोंडाने भोंगा द्यायचा, वळण आधीपासून घ्यायला लागायचा आणि वेग असा की मागे फळीऐवजी खाट बांधली असती तर रुग्ण आरामात झोपला असता. मी त्याला ओरडून सांगायचो, "अरे पांडू, झटको दी! मागे खनिज न्हय, माणूस आसा!" तो म्हणायचा, "माणूस आसा म्हणानच सावकाश." मग मी त्याला पढवले की जेटीवरून खूण आली की इंजिनाची मूठ पिळायची ती शेवटपर्यंत, मागे बघायचे नाही, दया करायची नाही. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू यायची नाही आणि गजाचे दोन्ही हात मुठीत अडकलेले, म्हणून खूण ठरली जेटीवरून दोन्ही हात डोक्यावर उचलायची. ती करण्याचा मान सरपंचांनी मागून घेतला. सरपंच म्हटला की त्याला कुठेतरी हात वर करायला मिळाला पाहिजेच.

त्या दिवशी जेटीवर गाव लोटला. भरती होती, जेटीची खालची पायरी पाण्याला टेकलेली. टोपीवालाही आला होता, खुर्ची टाकून. मी गजाला त्या पायरीवर बसवून पट्टे बांधले, कारण ओले पट्टे पाण्यात बांधणे म्हणजे शिक्षा. पांडू होडी घेऊन दोरी संपेल इतका पुढे जाऊन थांबला, इंजिन सुरू. आता गजाने पाण्यात उतरायचे, सरपंचांनी हात वर करायचे.

तेवढ्यात दाजी गावकार काठी टेकत पुढे आले. देवळाचा कारभार त्यांच्याकडे. म्हणाले, "गाऱ्हाणां घातल्याबगर कशी सुरवात करतास?"

ज्यांना गाऱ्हाणे माहीत नाही त्यांना एवढेच सांगतो की आमच्याकडे नवी विहीर खणायची असो की म्हशीला डॉक्टरकडे न्यायचे असो, आधी देवाला सगळे उभ्याउभ्या सांगावे लागते, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला होकार द्यावा लागतो. गजा पट्ट्यांसकट पायरीवरच बसून राहिला. पायाखाली फळी, दोरीची मूठ काखेत दाबलेली, हात जोडलेले. दाजींनी नारळ उचलला.

"बा देवा रवळनाथा, राष्ट्रोळी, बारा जाग्यांच्या म्हाराजांनो! आज ह्यो आमचो गजानन, बार्जीवरलो, कामधंदो गेल्लो, पोट सुटल्लो..."

"व्हय म्हाराजा!"

"मेस्तान केल्ल्या फळयेर उबो रवपाचां मनात हाडता. खंय कोणाची दिश्ट पडली आसात, पाण्याची, पावण्याची..." इथे दाजींनी टोपीवाल्याकडे पाहिले. "ती तूं भायर काडून उडय!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी ह्येका तूं उबो कर, उबो कर, उबो कर!"

"व्हय म्हाराजा!" म्हणून अख्ख्या गावाने रीतीप्रमाणे जोडलेले हात डोक्यावर नेले. त्यात सरपंचही होते.

पांडूला दूरवरून गाऱ्हाणे ऐकू येणे शक्य नव्हते. त्याला दिसले ते एवढेच की एकट्या सरपंचांची खूण ठरली होती, तर अख्खा गाव हात वर करून उभा आहे. त्याला वाटले, आज कामाला घाई आहे. त्याने मूठ पिळली ती शेवटपर्यंत.

पाण्यातली दोरी सळसळत वर आली आणि ताठ झाली. गजाने जोडलेले हात सोडून काखेतली मूठ धरली ती बुडणाऱ्याच्या जिवाने. पायरी शेवाळाने बुळबुळीत. तो बसल्या जागेवरून घसरला, फळी सपाट पाण्यावर आदळली, आणि उताणे पडायचे, गुडघे छातीशी घ्यायचे, पोट आडवे यायचे, यातले काहीच करायला वेळ न मिळाल्यामुळे गजा उभा राहिला. उभा राहिला तो राहिलाच. तोंड उघडे, डोळे मिटलेले, ओरडत, पण उभा. माझी फळी पाण्यावरून कापत गेली. उचल बरोबर होती. मला काय वाटले ते लिहितो, लाजत नाही: माझ्या डोळ्यांत पाणी आले.

सुमती बाजूला उभी होती. तिने पदर तोंडात धरला होता.

होडी थांबवायची खूण ठरवायची राहून गेली होती. पांडूने मागे बघायचे नाही हे मीच त्याला पढवले होते. त्यामुळे आमचा गजा पलीकडच्या वळणापर्यंत जाऊन आला. परत आला तेव्हा गाव वेडा झाला होता.

आणि इथूनच वाट चुकली. गजा दमून पडला होता. मी पांडूच्या पाठीवर थाप मारत होतो. तर दाजी नारळ हातात घेऊन गंभीरपणे म्हणाले, "पळयलांत? गाऱ्हाणां सोपलां आनी देवान उचललो. माणसाची ताकद न्हय ती." सगळ्या जेटीने माना डोलावल्या. मी म्हटले, "दाजी, फळी..." ते म्हणाले, "व्हय, फळीय देवानच उचलली." माझी उचल देवाच्या नावावर जमा झाली. इतकी वर्षे ज्यांच्या होड्या मी बांधल्या तेही हात जोडून उभे होते. त्यांच्याशी काय वाद घालणार?

सरपंचांनी ताबडतोब निवाडा दिला. "जेटी गजाक. पूण देवान उचलली त्याच फळयेर. दुसरी चलची ना." पुन्हा एकदा "व्हय म्हाराजा." संध्याकाळी देवाच्या माणसांनी फळी धुऊन, हळदकुंकू लावून देवळात नेली आणि देवाच्या तरंगांशेजारी, म्हणजे देव म्हणून पुजतात त्या खांबांशेजारी, पाटावर ठेवली. गजा आनंदात होता. त्याला वाटले, मान दिला, सकाळी परत देतील.

सकाळी तो फळी आणायला गेला. दाजी म्हणाले, "पाय दवरतलस? देवाच्या वस्तीर?"

म्हणजे बघा. गजाला जेटीची परवानगी पक्की. अट एवढीच की त्याच फळीवर उभे राहायचे. आणि त्या फळीवर पाय ठेवायचा नाही. मी पुढच्या काही दिवसांत तशीच दुसरी केली, हुबेहूब, तोच साचा. सरपंच तिच्याकडे बघून म्हणाले, "बरी आसा. पूण हिका देवान खंय उचलली?" मग देवाला कौल लावला की जुनी फळी सोडावी का. पाषाणाला फुलाच्या पाकळ्या चिकटवतात, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. एकही पडली नाही. आम्ही बसून बसून कंटाळलो. दाजी म्हणाले, देव इतक्यात बोलायला राजी नाही. कडक उन्हाळा, पाकळी सुकून पाषाणाला बसली होती, पण ते मी बोललो असतो तर मलाही पाटावर बसवले असते.

दरम्यान जेटी रिकामी ठेवणे बरे दिसत नाही म्हणून ती 'तात्पुरती' टोपीवाल्याला दिली. त्याला फळी कुठली, देवाने उचलली का, कौल झाला का, असे काही कोणी विचारले नाही. त्याच्या फळ्या बाहेरच्या. बाहेरून आलेल्या वस्तूला आमचे देव कधी काही विचारत नाहीत. चौकशी असते ती गावात केलेल्या वस्तूची. गजा त्याच्याकडे होड्या वाळूवर ओढायला लागला. पाठीवर टोपीवाल्याच्या कंपनीचे नाव लिहिलेली बनियन. पर्यटक त्याला 'ओ अंकल' म्हणून हाक मारायचे आणि त्याच्या हातात चपला द्यायचे. गावात मात्र त्याला वाटेत थांबवून लोक विचारत, "देवान उचललो तो तूंच न्हय?"

मला राग यायचा. आजही येतो. माझ्या हातची सगळ्यात चांगली वस्तू फुले वाहून घेत पाटावर पडली होती, आणि ज्याच्यासाठी केली तो माणूस दुसऱ्याच्या फळ्या पुसत होता. एका दुपारी गजा माझ्या कामाच्या जागेत येऊन बसला. म्हणाला, "भावोजी, दसरो जालो की मुरगावाक वतां. मुकादमाक सांगलां." सुमतीला सांगितलेस का, असे मी विचारले. तो म्हणाला, "सुमतीनच पिशवी भरल्या."

दसऱ्याला आमच्याकडे तरंगे निघतात. खांबांना लुगडी नेसवून, सजवून देवांना गावात फिरवतात. घराघराच्या दारात बायका ओवाळतात. ओवाळायचे लांबूनच. तरंगांना आणि देवाच्या कुठल्याही वस्तूला बायकांनी हात लावायचा नाही, हा दाजींचा कडक शिरस्ता. हात लागला की वस्तू बाटली. ती परत देवळात येत नाही. त्या वर्षी तरंगांच्या मागून फळीही निघाली, आणि ती डोक्यावर घेऊन चालायचा मान दिला होता गजाला. ढोल वाजत होते. पायात वहाण नाही, अंगावर उपरणे, डोक्यावर माझी फळी झेंडूच्या माळांनी मढवलेली. जिच्यावर तो उभा राहिला ती आता त्याच्यावर उभी होती. मी माणसांत होतो. मान वर करून बघवत नव्हते.

मिरवणूक गजाच्या दारात थांबली. सुमती ताट घेऊन उभी होती. ओटीवर भरलेली पिशवी दिसत होती. तिने तरंगांना ओवाळले. मग फळीकडे आली, आणि ताट खाली ठेवले.

"दाजी," ती म्हणाली, "देवाक फळी मेळ्ळी. ह्येका कितां मेळ्ळां?"

ढोल थांबले. दाजी म्हणाले, "मान मेळ्ळो, बाय. सगळ्या गावात मान."

"बरां जालां. तो मान खंयच्या मडक्यात रांदतात तां सांगात. चूल पेटवन दवरल्या."

कोणीतरी हसले. दाजींनी काठी आपटली, "सुमती, वाट सोड!"

तिने वाट सोडली नाही. दोन्ही हात वर केले आणि गजाच्या डोक्यावरची फळी धरून खाली घेतली. झेंडूच्या माळा ओढल्या जाऊन अंगणात सांडल्या. माझ्या शेजारच्याने कानाला हात लावले.

"बाटली!" दाजी ओरडले. त्यांचा आवाज फाटला. "फळी बाटली! ही देवळात येवची ना! व्हर ती हांगासून, खंय व्हरतलंस थंय व्हर!"

सगळ्यांनी सरपंचांकडे पाहिले. सरपंचांनी आधी दाजींकडे पाहिले, मग फळीकडे, मग जमलेल्या मतदारांकडे. हळूच म्हणाले, "फळी तीच मगे. देवान उचलल्ली. निवाडो जालो तो जालो."

सुमतीने पदराने फळीवरचे कुंकू पुसले. गजा अजून तसाच उभा होता, डोके रिकामे झाले तरी मान ताठ धरून. तिने ती त्याच्या अनवाणी पायांपुढे जमिनीवर ठेवली.

"माज्या हातान बाटली," ती म्हणाली. "आता तुज्या पायाक चलता."